वरच्या मजल्यावर दुसरं बाथरूम काढायचंय? आधी पाइप कुठून उतरतो ते बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, हाताने काढलेलं स्केचही नीट बघितलं. माझी समजूत बरोबर आहे ना ते आधी सांगतो. नाशिकमधलं रो हाउस, पंधरा-सोळा वर्षं जुनं, दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांच्यात सामाईक. खाली पुढे हॉल, मागे किचन आणि एक टॉयलेट. वर पुढे रस्त्याकडे गॅलरीची मोठी बेडरूम, तिच्या शेजारी मुलाची छोटी खोली, मध्ये जिना आणि लाउंज, मागे १३ बाय १२ ची बेडरूम आणि तिला लागून कोपऱ्यात ५ बाय ८ चं एकुलतं एक बाथरूम. आई ७४ वर्षांच्या, पुढच्या मोठ्या खोलीत झोपतात, गुडघे दुखतात, रात्री दोन-तीनदा उठून सगळं लाउंज ओलांडून मागे जावं लागतं. म्हणून पुढच्याच खोलीचा ५ बाय ७ चा कोपरा कापून अटॅच बाथरूम करायचं तुमच्या मनात आहे, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो फ्लोअर एक फूट उचलू, नाहीतर गॅलरी बंद करून तिच्यातच बसवू, आणि तुम्ही विचारताय यातलं कुठलं बरं.

मी २४ वर्षं बांधकामात आहे, त्यातली बरीचशी जुन्या घरांच्या दुरुस्तीत गेली. माझं स्पष्ट मत, दोन्ही नको. कारण तुमची खरी अडचण दुसऱ्या बाथरूमची नाहीये, आईंना रात्री अंथरुणातून उठल्यावर सात-आठ पावलांत, पायरी न चढता, धरायला आधार असताना संडासला जाता आलं पाहिजे ही आहे. असा विचार केला की उत्तर बदलतं. एक फूट उचललेल्या बाथरूमला दारात एक मोठी किंवा दोन लहान पायऱ्या येणार. ज्या गुडघ्यांसाठी एवढा खर्च करताय त्याच गुडघ्यांना अर्धवट झोपेत पायरी चढायला लावायची, आणि उतरताना पाय ओले. हे मला पटत नाही.

आता कॉन्ट्रॅक्टर एक फूट का म्हणतोय तेही समजून घ्या, तो उगाच म्हणत नाहीये. घर बांधतानाच जिथे बाथरूम ठरलेलं असतं तिथला स्लॅब खाली टाकतात, आपण त्याला संकन म्हणतो, त्या खड्ड्यात नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी घेणारा आणि वास अडवणारा तुकडा, आणि पाइप बसतात आणि वरून टाइल बाकी घराच्या लेव्हलला येते. तुमच्या पुढच्या खोलीत संकन नाही, मग पाइपला जागा करायला फ्लोअर वर घ्यायचं. एवढं ठीक आहे, पण वर घेताना तो भरणार काय? बहुतेक वेळा विटांचे तुकडे आणि सिमेंट, म्हणजे आपला ब्रिकबॅट कोबा. ५ बाय ७ म्हणजे ३५ चौरस फूट, एक फूट उंच भरलं की ३५ घनफूट, जवळपास एक घनमीटर, आणि कोब्याचं वजन घनमीटरला १८०० ते १९०० किलो. म्हणजे एका कोपऱ्यात पावणेदोन टनांच्या वर माल कायमचा बसवायचा, भिंती आणि टाइल वेगळ्याच. घरातल्या खोलीचा स्लॅब डिझाइन करताना माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला २०० किलो धरतात, इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५, त्यातही तोच आकडा आहे, आणि इथे नुसत्या भरावाचे साडेपाचशेच्या वर जातात. लगेच स्लॅब पडेल असं मी म्हणत नाही, पण वाक येतो, खालच्या पीओपीला केसासारखी चीर पडते, आणि मग त्या चिरेतून पाणी वाट काढतं.

असं एक काम मी स्वतः उघडलंय. बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर दुसऱ्या कोणीतरी उचलून केलेलं बाथरूम होतं, दोन पावसाळे झाले आणि खालच्या हॉलच्या छताला पिवळा डाग आला. घरच्यांना वाटलं पावसाचं पाणी आहे, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून झालं तरी डाग वाढतच गेला. शेवटी आम्ही बाथरूमची एक टाइल काढली आणि छिन्नीने कोबा फोडला तर आत विटांचे तुकडे अक्षरशः पाणी प्यायलेले, हातात घेऊन दाबलं तर बोटांना ओल लागत होती. पाइप कुठेही फुटलेला नव्हता. टाइलच्या जॉइंटमधून रोज थोडं थोडं मुरलेलं पाणी होतं ते, खाली जायला वाट नाही म्हणून एक फूट भरावात साठून राहिलेलं. तेव्हापासून उंच भराव मी शक्यतो करत नाही, करावाच लागला तर सायपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या, तुकड्यांचा हलका भराव, आणि वॉटरप्रूफिंग दोनदा, एकदा स्लॅबवर आणि एकदा भरावाच्या वर.

गॅलरीचं तर डोक्यातूनच काढा. गॅलरी भिंतीतून बाहेर आलेली असते, कॅन्टिलिव्हर, तिला पुढून आधार नाही. खोलीच्या स्लॅबचं मुख्य स्टील मध्यभागी खालच्या बाजूला असतं, गॅलरीचं वरच्या बाजूला असतं. पाइप बसवायला वरून छिन्नी मारली की नेमकं तेच स्टील उघडं पडतं नाहीतर कापलं जातं, ते सतत ओलं राहिलं की गंजतं, आणि टोकाला भिंती चढवल्या की वजन नको तिथे वाढतं. शिवाय गॅलरी बंद केली की एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम चालतं त्याची मर्यादा, आणि मंजूर नकाशाचा प्रश्न निघतो तो वेगळाच. मी गॅलरीत बाथरूम करून देत नाही, काम गेलं तरी चालेल.

माझी पद्धत अशी आहे की आधी बाथरूमची जागा ठरवायची नाही, आधी बाहेर जाऊन मैल्याचा पाइप कुठून उतरतो आणि तो ज्यात पडतो तो जमिनीतला चेंबर कुठे आहे ते बघायचं, आणि तिथून उलटं घरात यायचं. पाण्याचा पाइप कुठूनही कसाही फिरवता येतो कारण त्याला प्रेशर आहे, मैल्याच्या पाइपला फक्त उतार आहे. चार इंची, म्हणजे ११० एमएमच्या पाइपला मी ४० ला १ उतार धरतो. तुमच्या पुढच्या खोलीपासून मागच्या चेंबरपर्यंत ३० फूट धरले तर उतारालाच ९ इंच गेले, वर पाइपची साडेचार इंच जाडी, आणि वाटेत जिना. म्हणजे वरच्या वर मागे नेणं शक्यच नाही. पुढून खाली उतरवला तर दर्शनी बाजूला हॉलच्या खिडकीशेजारी पाइप येणार आणि मग हॉल-किचनची फरशी फोडून घराखालून मागे न्यायचा, वाटेत कुठे तुंबला तर उघडणार कुठून? रो हाउसला दोन्ही बाजू बंद म्हणून बाजूने उतरवायचाही मार्ग नाही. हे सगळं बघितलं की पुढचा कोपरा आपोआप बाद होतो.

मग मागे या. मागच्या भिंतीला बाहेरून चालू बाथरूमचे पाइप आहेतच, चेंबरही तिथेच. माझं म्हणणं असं की चालू बाथरूमला पाठीला पाठ लावून, मागच्या बेडरूममधून ५ बाय ८ ची पट्टी घ्या, आणि मागची बेडरूम आईंना द्या. म्हणजे बाथरूम आईंच्या खोलीकडे न्यायचं नाही, आईंची खोली पाइपाकडे आणायची.

मापं करून बघितली मी. १३ फुटांतून ५ फूट बाथरूम आणि ४ इंच भिंत गेली की खोली राहते ७ फूट ८ इंच बाय १२. ऐकायला अरुंद वाटते, जोडप्याला अडचणीची होईलही, पण आई एकट्याच आहेत, साडेतीन फुटी पलंग १२ फुटांच्या दिशेने भिंतीला लावला तरी बाजूला चार फुटांच्या वर मोकळी जागा राहते, वॉकर घेऊन चालायची वेळ आली तरी पुरेल. आणि बाथरूमची लांबी ८ फूट पण बेडरूमची १२, म्हणजे बाथरूमच्या पुढे साधारण ३ फूट ८ इंचाचा कोनाडा उरतो, तिथे आईंचं कपाट. खिडकी तुम्ही ५ फुटी दाखवलीये भिंतीच्या मधोमध, ती नवीन भिंतीच्या आड येणार. ती सरकवायला जाऊ नका, लिंटेल, म्हणजे खिडकीवरची काँक्रीटची आडवी पट्टी, तोडावा लागेल. साडेतीन फुटांची खोलीला ठेवा, पलीकडे जो एक फुटाचा तुकडा उरतो तोच बाथरूमच्या व्हेंटिलेटरला होतो, खालून अर्धा बंद करून वर एक्झॉस्ट फॅन. लिंटेल आहे तसाच दोघांवर राहतो.

नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे संडास-बाथ एकत्र असेल तर कमीत कमी २.८ चौरस मीटर आणि रुंदी १.२ मीटर लागते. आपलं ४० चौरस फूट म्हणजे ३.७ चौरस मीटर होतं, रुंदी दीड मीटर, बसतं आरामात.

आता लेव्हल, कारण सगळं कामच लेव्हलचं आहे. तुमच्या बेडरूमच्या टाइलखाली अडीच-तीन इंचाचं बेडिंग, म्हणजे टाइल बसवायला घातलेला थर, असणार. ते खरवडून स्लॅबपर्यंत गेलं की तेवढी उंची आपल्याला फुकट मिळाली. कमोड भिंतीला टांगलेला घ्यायचा, वॉल हंग. त्याचं आउटलेट फ्लोअरच्या वर आठ-नऊ इंचांवर आडवं निघतं, म्हणजे मैल्याचा पाइप फ्लोअरमध्ये गाडायचाच नाही. चालू बाथरूमच्या भिंतीला लागून ७ इंच जाडीचा, चार फूट उंचीचा कट्टा बांधायचा सायपोरेक्सचा, त्यात फ्लशची टाकी आणि ११० चा पाइप, तो कट्ट्यातून मागच्या भिंतीपर्यंत जातो, चार फुटांना सव्वा इंच उतार, आणि भिंतीतून बाहेर पडून सरळ जुन्या पाइपला. कट्ट्याच्या वर आईंना साबण, औषध, चष्मा ठेवायला जागाही होते.

राहिलं अंघोळीचं पाणी. नहाणी ट्रॅप मागच्या भिंतीलगतच ठेवायचा, बुटका मिळतो, पण त्यात साचून राहणारं पाणी, म्हणजे सील, २ इंचांपेक्षा कमी नको नाहीतर वास येतो. तिथून ७५ चा पाइप स्लॅबच्या लगेच वरून, विटांच्या भिंतीतून बाहेर. लक्षात घ्या, भिंतीखाली बीम आहे, होल बीमच्या वर विटांतच पडलं पाहिजे. मशीनने गोल होल पाडणाऱ्या कोअर कटिंगवाल्याला बोलवा, घणाने फोडू देऊ नका, आणि होल मारायच्या आधी बीमचा वरचा कडा कुठे संपतो ते बाहेरून गिलावा खरवडून स्वतः बघा. एवढं सगळं धरून दारापाशी बाथरूमचं फ्लोअर खोलीपेक्षा अडीच-तीन इंच वर येईल. तिथे पायरी करायची नाही, खोलीच्या बाजूने तीन फुटांत उतार द्यायचा, म्हणजे १२ ला १ पडतो, पाय अडखळत नाही आणि उद्या व्हीलचेअर लागली तरी जाते.

बाहेर दोन पाइप आहेत का एक, तेवढं बघून घ्या. जुन्या रो हाउसना बहुतेक मैल्याचा आणि नहाणीचा वेगळा असतो, मैला चेंबरला आणि अंघोळीचं पाणी गली ट्रॅपला, म्हणजे बाहेर जमिनीत बसवलेल्या जाळीच्या ट्रॅपला. वेगळे असतील तर वेगळेच जोडा, घाईत एकात घुसवू देऊ नका. मैल्याच्या नव्या जोडाला उघडायचं झाकण असलेलाच बेंड घ्या, आणि पाइप वर गच्चीच्या वरपर्यंत जाऊन उघडा आहे ना हेही तपासा, कारण तो कोणीतरी मध्येच बंद केलेला असला तर एकीकडे फ्लश केला की दुसरीकडचं ट्रॅपचं पाणी ओढलं जातं.

तुम्ही लिहिलंय की खाली किचन आहे आणि आईंना देवघरावर संडास अजिबात चालणार नाही. हे मी हसण्यावारी नेत नाही, घर त्यांचंही आहे. स्केचमध्ये देवघर किचनच्या पलीकडच्या कोपऱ्यात दिसतंय, बाथरूमची पट्टी येते ती फ्रिज आणि रॅकच्या वर. एकदा खाली टेप लावून आईंना प्रत्यक्ष दाखवा, कागदावर समजत नाही. आणि वर सांगितलेल्या पद्धतीत किचनच्या स्लॅबला एकही होल नाही, खाली एकही पाइप लटकत नाही, पीओपीत लपवायला काही नाही. काही जण स्लॅबला होल मारून पाइप खालून घेतात आणि फॉल्स सीलिंग करतात, फ्लोअर उचलायला लागत नाही म्हणून तो मार्ग सोपा वाटतो, पण किचनवर मी तो करणार नाही.

भिंती विटांच्या नकोत. त्या खाली बीम नसताना स्लॅबवर बसणार, म्हणून चार इंची सायपोरेक्स, गिलाव्यासकट वजन विटांच्या निम्म्याच्या आसपास येतं. तरीही स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा प्रत्यक्ष बोलवा, मी स्केचवरून बोलतोय, तुमच्या स्लॅबची जाडी आणि स्टील मला दिसत नाही. सायपोरेक्सची एक गोष्ट मात्र कायम विसरली जाते. त्यात आधाराचा दांडा टिकत नाही, स्क्रू हळूहळू ढिला होतो आणि माणूस ज्या दिवशी खरा भार टाकतो त्या दिवशी हातात येतो. म्हणून जिथे दांडे लागणार, कमोडच्या बाजूला आणि अंघोळीच्या जागी, तिथे बांधतानाच पक्क्या विटा किंवा काँक्रीटचा ठोकळा टाकायचा. गवंड्याला भिंतीवर खडूने जागा मारून द्या, आईंना खुर्चीवर बसवून त्यांचा हात सहज कुठे जातो ते बघूनच मारा. माझ्या वडिलांसाठी केलं तेव्हा मी पुस्तकातल्या उंचीने दांडा लावला होता, त्यांना तो उंच पडत होता, शेवटी काढून तीन इंच खाली घेतला.

आतला क्रम दारातून बेसिन, मग कमोड, शेवटी खिडकीकडे अंघोळ, म्हणजे रात्री कमोडपर्यंत जायचा रस्ता कोरडा राहतो. आई बादली-तांब्याने अंघोळ करत असतील तर शॉवरच्या भानगडीपेक्षा भिंतीला पक्कं बसकं स्टूल आणि बादली ठेवायला तेवढ्या उंचीचा दगडी कट्टा द्या, वाकावं लागत नाही. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, कारण माणूस आत पडला तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही, कडी बाहेरूनही उघडेल अशी. टाइल मॅट, १२ बाय १२ च्या. गिझरला वेगळी लाइन आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, यात तडजोड नको.

वॉटरप्रूफिंगला घाई करू नका, दिवाळीच्या आधी संपवायचंय वगैरे काही असलं तरी. स्लॅब साफ, भिंत आणि फ्लोअरच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा, पाइपभोवती ग्राउट, मग कोटिंगचे दोन हात आडवे-उभे, भिंतीवर एक फूट आणि अंघोळीच्या बाजूला सहा फूट. वाळलं की दारात विटांचा बांध घालून पाणी भरून ठेवायचं, निदान ४८ तास, मी ७२ ठेवतो. पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलने मारायची आणि शेजारी एका बादलीतही पाणी भरून तशीच रेघ मारायची. बादलीतलं जेवढं उतरलं तेवढं उन्हा-वाऱ्याने गेलं, बाथरूममधलं त्याहून जास्त उतरलं तर कुठेतरी मुरतंय. रोज सकाळी किचनमध्ये जाऊन छताला हात लावून बघायचं. ही टेस्ट टाइल बसवायच्या आधी, आणि टाइल झाल्यावर परत एकदा. कॉन्ट्रॅक्टरच्या पैशांचा एक हप्ता या टेस्टशी बांधून ठेवा.

माझ्या अंदाजाने साडेतीन-चार आठवड्यांचं काम आहे, आणि चालू बाथरूमला हातच लावायचा नसल्यामुळे घर अडत नाही, फक्त जोड करायच्या दिवशी एक दुपार वरचं टॉयलेट बंद राहील. सोसायटीचं ना-हरकत पत्र आधी घ्या, आणि खिडकी-बाहेरच्या भिंतीत बदल आहे म्हणून महापालिकेत काही लागतं का ते तुमच्या आर्किटेक्टकडून विचारून घ्या.

एका गोष्टीवर मात्र सगळं अडू शकतं. तुम्ही लिहिलंय की आई सकाळी पुढच्या गॅलरीत तुळशीपाशी बसतात, रस्त्यावरची माणसं त्यांच्याशी बोलतात. मागच्या खोलीत ते नाही. म्हणून नकाशा त्यांच्यासमोर ठेवा, खोली बदलायची आहे हे त्यांना आधी विचारा, ठरवून मग सांगू नका. पुढच्या खोलीत तुम्ही गेलात तरी गॅलरीतली त्यांची खुर्ची आणि तुळस तिथेच राहील असं करता येईल, दार दिवसभर उघडं ठेवलं की झालं. त्या नाहीच म्हणाल्या तर मला परत लिहा, मग लाउंजच्या मागच्या बाजूने काही जमतंय का ते बघू, थोडं अवघड आहे पण विचार करता येईल.

तोवर रविवारी एवढं करा. मागच्या बेडरूमच्या कोपऱ्यातली, कपाटाखालची एक टाइल काढून बेडिंग किती इंच निघतं ते मोजा. मागे जाऊन पाइप किती आहेत, त्यांचा व्यास किती आणि नवीन बाथरूमच्या जागेपासून ते किती फुटांवर आहेत ते बघा, फोटो काढा. बेडिंग दोन इंचांपेक्षा कमी निघालं तर दारातल्या उताराचं गणित परत मांडावं लागेल, तो आकडा मला आधी कळवा.